रक्त घेतल्यावर तिसऱ्या दिवशी एक फोन करा

प्रति,
मा. पदाधिकारी व सदस्य,
महाराष्ट्र राज्य रक्त संक्रमण परिषद, मुंबई

विषय : डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकाच्या हंगामात रक्तदात्यांची विचारपूस आणि तपासणी



मी धाराशिवचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिले. तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. वय जास्त म्हणून त्यांना परत पाठवले, तर ते तिथेच खाली बसून रडले. त्या दिवसापासून रक्तदान हे माझ्यासाठी नुसते शिबिर राहिले नाही. गेल्या गणेशोत्सवात मी चाळिसाव्यांदा रक्त दिले, आणि हे पत्र त्याच चाळिसाव्या पिशवीबद्दल आहे.

मंडळाचे शिबिर होते. मांडवात चार खाटा, बाहेर ढोल. फॉर्म मंडळाचा एक कार्यकर्ता भरत होता. प्रश्न पुष्कळ आणि बारीक अक्षरातले. त्याने नाव, वय, मोबाईल विचारला आणि पुढच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’वर भराभर खुणा केल्या. "काका, ताप-बीप नव्हता ना?" एवढाच एक प्रश्न कानावर आला. ताप खरोखरच नव्हता. हिमोग्लोबिन चांगले, वजन चांगले, रक्तदाब ठीक. मी रक्त दिले, चहा-बिस्कीट घेतले, प्रमाणपत्र घेतले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग मोडून आले. रात्री ताप १०३ वर गेला. डोळ्यांच्या खोबणी दुखत होत्या, पाठ कुणीतरी काठीने झोडपावी तशी. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, एनएस-१ पॉझिटिव्ह आला. डेंग्यू.

डॉक्टर सलाईन लावत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार : परवा दिलेले ते रक्त कुठे गेले असेल? रक्तदाता कार्डावरच्या रक्तकेंद्राच्या क्रमांकावर फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, तर पलीकडच्या मुलीला मी काय सांगतोय तेच कळेना. "तुम्हाला रक्त हवंय का?" असे तिने दोनदा विचारले. शेवटी म्हणाली, "काका, सगळ्या टेस्ट करूनच देतो आम्ही. काळजी करू नका, आराम करा." माझा पिशवी क्रमांक तिने लिहून घेतला नाही. तिच्यावर माझा राग नाही. असा फोन आला तर काय करायचे हे तिला कुणी शिकवलेच नसेल, तर तिने काय करावे? म्हणून त्या केंद्राचे नाव मी इथे लिहीत नाही. प्रश्न एका केंद्राचा नाही, पद्धतीचा आहे आणि पद्धत ठरवणे आपल्या हाती आहे.

‘सगळ्या टेस्ट’ म्हणजे कोणत्या, हे मी नंतर समजून घेतले. आपल्या देशात प्रत्येक पिशवीच्या पाच चाचण्या सक्तीच्या आहेत : एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी, सिफिलिस आणि मलेरिया. डासाने पसरणाऱ्या रोगांपैकी यात एकटा मलेरिया आहे. डेंग्यू नाही, चिकुनगुन्या नाही, झिका नाही. म्हणजे त्या मुलीने सांगितले ते खरेच होते. सगळ्या चाचण्या झाल्या असतील, सगळ्या निर्दोष आल्या असतील आणि तरीही माझ्या रक्तात डेंग्यूचा विषाणू असेल.

आपण सारे तज्ज्ञ आहात, पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डेंग्यूचा विषाणू ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात फिरू लागतो. त्या वेळी माणूस ठणठणीत दिसतो, शेतावर जातो, शिबिरात येतो. त्याहून अवघड बाब अशी की डेंग्यूची लागण झालेल्या चारांपैकी साधारण तिघांना काही त्रासच होत नाही. ‘ताप होता का’ हा प्रश्न कितीही प्रामाणिकपणे विचारला आणि कितीही प्रामाणिकपणे उत्तर दिले, तरी ही माणसे चाळणीतून खाली पडणारच.

एका पिशवीचे पुढे तीन भाग होतात. लाल पेशी शीतकपाटात महिनाभराहून जास्त राहतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवतात. प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस टिकतात. आता आमच्याकडचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट ते नोव्हेंबर. दवाखान्यांच्या व्हरांड्यात खाटा टाकलेल्या, नातेवाईक ‘पेशी किती झाल्या’ म्हणून कागद हातात धरून फिरतायत, ‘पेशी चढवायच्यात’ म्हणून मध्यरात्री फोन येतायत. प्लेटलेट्सची मागणी डेंग्यूमुळेच वाढते आणि त्या पुरवणारे दातेही त्याच गल्लीतले, त्याच डासांचे. एका मोठ्या माणसाला एका वेळी चार ते सहा दात्यांच्या प्लेटलेट्स लागतात. त्या फक्त डेंग्यूच्या रुग्णालाच जातात असे नाही. केमोथेरपी चाललेल्या लेकरालाही जातात, आणि त्याच्या अंगात झुंजायला काही उरलेले नसते. (रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवण्याची घाई करू नये, असे राष्ट्रीय उपचार-सूत्र सांगते. पन्नास हजारांचा आकडा पाहून घाबरणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी समजावून सांगितले, तर निम्मी धावपळ तिथेच थांबेल.)

रक्तातून डेंग्यू गेल्याचे दाखले आहेत का? आहेत. २००२ मध्ये हाँगकाँगला असा रुग्ण सापडला. २००७ च्या जुलैत सिंगापूरला एका नेहमीच्या रक्तदात्याला रक्त दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी ताप आला. त्याची एकच पिशवी तिघांना गेली होती. दोघांना डेंग्यूचा ताप आला, तिसऱ्याला काही जाणवले नाही, पण लागण त्यालाही झाल्याचे तपासणीत दिसले. मी हे वाचले तेव्हा अंथरुणात उठून बसलो. दुसऱ्या दिवशी ताप, नेहमीचा दाता, एकाच पिशवीचे तीन वाटे : ती माझीच गोष्ट होती. फरक एवढाच, की सिंगापूरच्या त्या तिघांपर्यंत कुणीतरी पोहोचले.

आपल्याकडे अशी नोंद क्वचित दिसते याचा अर्थ असे घडत नाही, असा लावू नये ही विनंती. डेंग्यूच्या भर हंगामात दवाखान्यात पडलेल्या माणसाला पाचव्या-सहाव्या दिवशी ताप आला, तर ‘डास चावला असेल’ असेच सगळे म्हणणार. रक्त चढवल्यानंतरचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी २०१२ पासून राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, पण त्यात माहिती पाठवणे ऐच्छिक आहे. जे शोधायचेच नाही ते कागदावर कसे येणार?

आता आमच्या भागाबद्दल. इथून बार्शी तासाभराच्या अंतरावर. आमची बाजारपेठही तीच आणि दवाखान्यासाठीही आमची अर्धी माणसे तिकडेच जातात. १९७३ मध्ये त्याच बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या वेळच्या पाहणीत शेकडा ३७.५ माणसांना लागण झाल्याची नोंद आहे. मग तो रोग जणू देश सोडून गेला आणि तब्बल ३२ वर्षांनी, २००५-०६ मध्ये परतला. २००६ ला आमच्या घरात एकामागून एक चौघे अंथरुणावर होते. आई जात्याच्या खुंट्यासारखी वाकून भिंत धरत चालायची, ते वर्षभर. ज्या वर्षी दर तिसरा-चौथा माणूस तापाने पडलेला असतो, त्या वर्षी शिबिरातल्या खाटेवर कोण झोपत असेल, याचा विचार तेव्हा आम्हीही केला नाही.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तीच साथ होती. जवळजवळ पावणेआठ लाख वस्ती, त्यातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याला लागण. रक्तातून चिकुनगुन्या गेल्याचा एकही रुग्ण सिद्ध होण्याची वाट न पाहता तिथल्या यंत्रणेने जानेवारी २००६ मध्ये बेटावरचे रक्तसंकलन थांबवले आणि लाल पेशी व प्लाझ्मा फ्रान्सहून मागवला. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकत असल्याने त्या बेटावरच घेतल्या, पण विषाणूची चाचणी करून आणि विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया करूनच दिल्या. धाराशिवला विमानाने रक्त यावे असे मी म्हणत नाही. साथ आहे हे ओळखून हंगामापुरती वेगळी रीत लावता येते, एवढेच म्हणतो.

तशी रीत आपल्या कागदावर आहेही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०१७ मध्ये रक्तदाता निवडीची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झालेल्याने पूर्ण बरे झाल्यावर सहा महिने रक्त देऊ नये असे लिहिले आहे. झिका झालेल्याने चार महिने. झिकाची साथ असलेल्या भागातून आलेल्यानेही चार महिने. आणि डेंग्यू-चिकुनगुन्या असलेल्या भागातून परतलेल्याला ताप आला नसेल, तरी चार आठवडे थांबायचे.

या शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. हा नियम डेंग्यू दुसरीकडे असतो आणि दाता तिथून परततो, असे धरून चालतो. आमच्या जिल्ह्यात तो घरातच आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी रांजण, बॅरल, सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्या लागतात. दुष्काळी माणूस पाणी साठवतो आणि एडिस डास नेमक्या त्याच स्वच्छ, झाकण नसलेल्या पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ आम्हाला ठाऊक आहे, पण टँकरच्या पाण्याने भरलेली टाकी उपडी करायला हात धजत नाही. मग इथे राहणाऱ्याने कुठून परत आल्यापासूनचे चार आठवडे मोजायचे? नियम शब्दशः पाळला तर पावसाळ्यात एकही दाता उरणार नाही. म्हणून तो पाळलाच जात नाही, आणि त्याच्याबरोबर सहा महिन्यांचा चांगला, पाळता येण्यासारखा नियमही बासनात जातो.

झिकाचेही तेच. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैअखेर पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ मध्ये तर पुणे शहरातच शंभराहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांत अनेक गरोदर स्त्रिया होत्या. आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांतली मुले पुण्यात शिकतात, कंपन्यांत कामाला आहेत! गणपतीला, नवरात्रात, कोजागरीला तुळजापूरच्या दर्शनाला ती गावी येतात आणि मित्रांच्या आग्रहाने शिबिरात रक्तही देतात. २०२४ च्या त्या उत्सवात ‘पुण्याहून कधी आलास?’ असे मी हजर होतो त्या दोन शिबिरांत तरी कुणी कुणाला विचारले नाही. झिकाच्या पाचपैकी चार रुग्णांना लक्षणेच नसतात, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूवर तो घाव घालतो. आणि आमच्याकडे रक्त कुणाला लागते? अंगात रक्त नसलेल्या गरोदर बाईला, हे आपल्याला मी सांगायला नको.

मग मागणे काय? प्रत्येक पिशवीची उद्यापासून डेंग्यू चाचणी करा, असे मी म्हणणार नाही. अंथरुणात असताना मनात तेच होते, हे कबूल करतो. नंतर समजले की बाजारात मिळणारी झटपट प्रतिपिंडाची पट्टी या कामी उपयोगाची नाही, कारण प्रतिपिंडे दिसू लागतात तेव्हा विषाणू रक्तातून ओसरायला लागलेला असतो. जी वेळ धोक्याची, त्याच वेळी ती पट्टी ‘ठीक आहे’ म्हणेल. एनएस-१ लवकर दाखवते, पण सगळेच पकडते असे नाही. विषाणूचा अंश थेट शोधणारी नॅट चाचणी सर्वांत भरवशाची, पण तिला यंत्र, माणसे आणि पैसा लागतो. हेही प्रांजळपणे लिहायला हवे, की २०१२ च्या साथीत ब्राझीलमध्ये झालेल्या अभ्यासात डेंग्यूबाधित रक्त मिळालेल्या आणि आधी प्रतिकारशक्ती नसलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला लागण झाली, पण त्यांची प्रकृती इतरांपेक्षा ठळकपणे बिघडल्याचे दिसले नाही. त्यामुळे घबराट करण्याचे कारण नाही. पण डोळे मिटून बसण्याचेही नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी विनंती बिनखर्चाची आहे. रक्त घेतल्यावर तिसऱ्या दिवशी दात्याला फोन करा. ‘बरे आहात ना? ताप, अंगदुखी, पुरळ?’ बस्स. ज्या मोबाईलवर ‘ओ निगेटिव्ह तातडीने हवे’ म्हणून आम्हाला संदेश येतो, त्याच मोबाईलवर. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, म्हणून सातव्या दिवसाची विचारपूस उशिराची ठरते. तिसऱ्या दिवशी दाता तापाने फणफणलेला असेल, तर त्याच्या लाल पेशी आणि प्लाझ्मा बहुधा अजून केंद्राच्या शीतकपाटातच असतील. बाजूला ठेवता येतील. प्लेटलेट्स गेल्या असतील, तर त्या रुग्णाच्या डॉक्टरांना सांगता येईल, ते आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवतील. आणि दात्याने आपणहून फोन केला, तर तो घेणाऱ्याला पिशवी क्रमांक लिहून घ्यायचा असतो, हे शिकवा. चाळीस पिशव्या देणाऱ्या माणसाला ‘आराम करा’ यापेक्षा थोडे जास्त ऐकायचा हक्क आहे असे मला वाटते.

दुसरी विनंती फॉर्मची. हंगामात त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत चारच प्रश्न वेगळे छापा : सहा महिन्यांत डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला का, पंधरा दिवसांत ताप आला का, घरात सध्या कुणी तापाने आजारी आहे का, महिनाभरात कुठे राहून आलात. घरातल्या तापाचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. एडिस घरातच राहतो, दिवसा चावतो, एकामागून एक सगळ्यांना. मुलगा डेंग्यूने दवाखान्यात असेल तर बापाने पंधरा दिवस थांबावे, हा नियम कुणालाही पटेल. आणि हे प्रश्न केंद्राच्या माणसाने विचारावेत, मंडळाच्या पोराने नव्हे. मंडळांना दोनशे पिशव्यांचा आकडा फ्लेक्सवर लावायचा असतो. मीही तसल्या मंडळात वीस वर्षे होतो, आकड्यासाठी माणसे ओढून आणली आहेत, म्हणून बोलतो.

तिसरी विनंती मोजदादीची. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ पासून आपल्या राज्यात आहे; देशभर डेंग्यू-चिकुनगुन्याच्या निदानाचे संच तीच पुरवते. आमच्या धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढच्या पावसाळ्यात आमच्यासारख्या तीन-चार जिल्ह्यांतल्या दात्यांचे नमुने नाव काढून टाकून नॅटने तपासा. हजारात किती दाते विषाणू घेऊन खाटेवर झोपतात, ते एकदा समजू द्या. आकडा नगण्य निघाला तर तसे जाहीर करा, मी आनंदाने गप्प बसेन. मोठा निघाला, तर निदान गरोदर स्त्रिया, नवजात बालके, थॅलेसेमियाची आणि कर्करोगाची लेकरे यांच्यासाठी हंगामात तपासलेला थोडा साठा वेगळा ठेवा. अमेरिकेने २०१६ मध्ये झिकासाठी प्रत्येक पिशवी तपासायला सुरुवात केली, २०१८ मध्ये नमुने एकत्र करून तपासण्यावर आली आणि रुग्ण सापडेनासे झाल्यावर २०२१ मध्ये ती सक्ती काढून टाकली. एकदा सुरू केले की कायम करावे लागेल, ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

दाते घाबरून येणार नाहीत, असे आपल्यापैकी कुणी म्हणेल. उलट आहे. रक्त दिल्याने दात्याला डेंग्यू होत नाही हे लोकांना कळते. माणूस दुरावतो तो विचारपूस न झाल्याने. मी बरा झाल्यावर सहा महिने थांबलो, तारीख मोजून परत गेलो. तेव्हाही मला डेंग्यू झाला होता का, हे कुणी विचारले नाही, मीच सांगितले.

आपली परिषद आकाशातून पडलेली नाही. रक्तपेढ्यांच्या कारभाराविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या नागरिकांच्या संस्थेने याचिका केली, ४ जानेवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य परिषदा उभ्या राहिल्या आणि पैसे घेऊन रक्त विकणे बंद झाले. नागरिकांनी विचारले म्हणून हे सगळे घडले. तेवढ्याच विश्वासाने मी विचारतो आहे.

माझ्या चाळिसाव्या पिशवीचा क्रमांक आणि शिबिराची तारीख मी या पत्राबरोबर बंद पाकिटात आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ती कुणाकुणाला गेली, त्यांची नावे मला नकोत. त्यांना पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला होता का आणि ती माणसे आज बरी आहेत का, एवढे मला कळवावे.

आपला नम्र,
एक नियमित रक्तदाता
धाराशिव